घराला माणूस

सहादेवच्या घराला लावलेलं पितळी कुलूप पहिल्याच दिवशी दुपारी दुष्काळी कामावर हजर झालं. घर मात्र गावातच राहिलं, दार सताड उघडं टाकून.

पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू. कारण कुलूप अजून विकत आणायचं आहे, आणायचं की नाही यावर घरातल्या चौघांचं एकमत व्हायचं आहे, आणि त्या घरात चौघांचं एकमत आजवर एकाच गोष्टीवर झालेलं होतं. घराला माणूस पाहिजे. तो माणूस म्हणजे मनकर्णा. या एकमतात मनकर्णाचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी ते धरलेलं होतं.

चिंचखळं हे राहुरीच्या सडकेपासून आत, माळाच्या कुशीत बसलेलं गाव. बाहत्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या साली आला होता म्हणावं, तर तोही नुसता तोंड दाखवून गेला होता. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीला गेली, आणि सरकारने वरच्या माळावर पाझर तलावाचं काम काढल्यावर सगळं गाव उठून तिकडं गेलं. सकाळी डोक्यावर घमेलं, घमेल्यात भाकरीचं फडकं, आणि माणसांची रांग माळाला लागलेली. नवरा सहादेव गेला, लेक कानिफ गेला, सून छबू गेली. तिथं दुपारी खायला सरकारी सुकडी वाटतात हे कळल्यावर घराचा कुत्रा खंड्याही जायला लागला. तो हजेरीच्या वेळेला मुकादमाच्या पायाशी बसे आणि सुट्टी झाली की सगळ्यांबरोबर परत येई. रात्री थकून झोपे. भुंकायचं त्याने सोडून दिलं होतं. दिवसभर काम करून आलेल्या कुत्र्याकडून कुणी तशी अपेक्षाही ठेवत नव्हतं.

राहिली मनकर्णा. तिच्या आधी ओट्यावर तिची सासू कडूबाई बसायची. कडूबाई तीसेक वर्षं बसली. लग्नकार्य असो, जत्रा असो, शेजारी आग लागो, कडूबाई ओट्यावरून हलली नाही. त्या घराच्या दाराला आतून हाताएवढा जाड अडसर होता, पण बाहेरून साधी कडीसुद्धा नव्हती. दार बाहेरून लावायची वेळ येईल असं बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात कडूबाई गेली. दुःख सगळ्यांना झालं, बढती मात्र एकट्या मनकर्णाला मिळाली.

ती अजून पन्नाशीलाही टेकली नव्हती. हातपाय धड होते. शेतातल्या कामात छबूला मागं टाकायची. आता ती पाय सोडून ओट्यावर बसे आणि रिकाम्या आळीकडे बघे. आळीही तिच्याकडे बघत असावी, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतंच.

आता असं झालं की मनकर्णा घरी असते हे सगळ्या आळीला माहीत. म्हणून कामावर जाताना शेजारची भागूबाई आपला तांब्याचा हंडा तिच्याकडे ठेवून गेली. "तू हायसच की घरी," म्हणाली. मग आळीतल्या आसारामने त्याची कुऱ्हाड आणि बियाण्याचं मडकं आणून ठेवलं. कुणी लग्नातली पातळं ठेवली, कुणी देवाचे टाक. टाक आल्यापासून परक्यांच्या देवांना पाणी घालायचं कामही मनकर्णाकडे आलं. शाळेचे गिदोन मास्तर पलीकडच्या गल्लीत राहायचे. शाळेला दार होतं पण ते एका बिजागरीवर होतं, म्हणून त्यांनी शाळेचं घड्याळ तिच्या भिंतीला लावून टाकलं. वेळ बघायला मास्तर स्वतः येत. बघून शाळेत पोचेपर्यंत ती वेळ जुनी झालेली असे, पण मास्तर म्हणत की इतिहास शिकवताना त्याने काही बिघडत नाही.

थोडक्यात, मनकर्णा घरी असते म्हणून आळीच्या वस्तू तिच्या घरी, आणि आळीच्या वस्तू घरी म्हणून मनकर्णा घरी. यातून बाहेर पडायला वाट नव्हती. असती तर तिथंही कुणीतरी काहीतरी ठेवून गेलं असतं.

घरातलं म्हणाल तर एकच मोलाची चीज. कणगीत शेणामातीने लिंपून ठेवलेलं बाजरीचं बी. रेशनची तांबडी मिलो ज्वारी पोटात ढकलून ढकलून वाचवलेलं. ते राहिलं तर पुढच्या सालाला अर्थ.

मनकर्णाला मात्र वेगळंच काही पाहिजे होतं. तिची धाकटी बहीण बनू तलावाच्या पलीकडच्या गावात दिली होती, आणि ते गावही त्याच कामावर येत होतं. कडूबाईच्या दहाव्यानंतर दोघींची गाठ नव्हती. कामाला सुट्टी असेल त्या दिवशी दोन्ही घरचे बाजाराला जात आणि बनूही तिकडचा ओटा सांभाळी. एरवी एक बसलेली, सुट्टीला दोघी. छबू रोज संध्याकाळी घमेल्याबरोबर निरोप घेऊन येई.

"आत्याबाई, बनूमावशी म्हनल्या, आक्काला सांग माजे गुडघे आता तिच्यासारकेच वाजत्यात."

"आनि?"

"आनि म्हनल्या, तुजी सासू ओट्याला चिकटली हाय का काय. वल्लं फडकं लावून सोडव म्हनल्या."

मनकर्णा हसली नाही, पण तो निरोप तिने दुसऱ्या दिवशी दिवसभर पुरवला.

मग एक दिवस छबूने आणलेला निरोप निराळा होता. बनूची टोळी शनिवारपर्यंतच इथं. सोमवारपासून त्यांना कालव्याच्या कामावर नेणार, तिकडं लांब, मुळा धरणाच्या अंगाला.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मनकर्णा म्हणाली, "मला एक दिस कामावर यायचंय."

सहादेवने घास हातात धरला. कामावरून आल्यावर त्याला घास तोंडापर्यंत न्यायचंही जिवावर येई. त्यात हा विषय.

"कशापायी? खडी फोडायची हौस हाय का?"

"व्हय."

"अगं लोकं तिथून पळाया बघत्यात."

"तर एकानं पळून हितं यावं. मी तिथं जाते. हिशेब फिटला."

"मंग तुमी बसा ना आबा एक दिस ओट्यावर," कानिफ म्हणाला.

"पुरुषमानूस दिवसभर ओट्यावर दिसला तर गाव म्हनंल आजारी हाय. संध्याकाळी भेटाया लोकं येतील. त्यांना च्या कुटून पाजू? तूच बस."

"माजी हजेरी कापत्यात. मुकादम म्हनला, एकदा नाव गेलं की गेलं."

छबूने पुढचा घास घेतला. तिला माहीत होतं की आज ना उद्या तो ओटा तिचाच आहे. एक दिवस आधी बसून तिला नमुना बघायचा नव्हता.

"आनि घराला कोन?" सहादेवने शेवटी ते वाक्य काढलंच. "बेलापूरकडं लोकं कामावर गेली आनि मागं घरं साफ झाली म्हनत्यात."

"कोन म्हनतं?"

"सगळीच."

मनकर्णाने ताटातल्या मिलोच्या भाकरीकडे पाहिलं. ती भाकरीसुद्धा थकल्यासारखी मधून मोडली होती. "मंग घराला मानूस सोडून दुसरं कायतरी करा," ती म्हणाली. "सरकार माळावर तळं करतंय. तुमच्यानं एक दार हुईना?"

झालं. घराची राखण कशाने करावी यावर विचार सुरू झाला. दिवसभर दगड फोडून आलेली माणसं जसा विचार करतात तसा.

कानिफ म्हणाला, दारामागं तारेला डबे बांधू, कुणी ढकललं की वाजतील. छबूने विचारलं, वाजल्यावर ऐकणार कोण. कानिफने थोडा वेळ विचार करून सांगितलं की चोर ऐकेल. सहादेव म्हणाला, खंड्याला बांधून ठेवू. खंड्याला खरंच बांधलं. तो सुकडीच्या वेळेला असा काही रडला की माळावरची बाया-माणसं हातातलं टाकून बघायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाने स्वतःहून विचारलं, कुत्रा का आला नाही. त्याला सोडावं लागलं.

मग गिदोन मास्तर वेळ बघायला आले. मनकर्णाने त्यांना सगळं सांगितलं. मास्तरांनी घड्याळाकडे पाहत ऐकलं.

"वहिनी, याला कुलूप म्हणतात," ते म्हणाले.

"ठावं हाय मला. कुलूप लावायला कडी लागती. कडी लावायला सुतार लागतो. सुतार माळावर दगुड फोडतोय."

"कडी कानिफ ठोकेल. कुलूप मी आणतो. उद्या मला नगरला जायचंच आहे, शिक्षण खात्यात. शाळेच्या दाराची दुसरी बिजागरी मागायला."

"मिळंल?"

"नाही. पण जायचं असतं."

मास्तर बिजागरीशिवाय आणि कुलूप घेऊन परत आले. कुलूप पितळी, मुठीएवढं, पोटात सात खटके असलेलं. हातात घेतलं की हात खाली जाई. सहादेवने ते दोनदा उचलून पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्या भारी कुलपाला शोभंल असं घरात काय हाय?"

मास्तर म्हणाले, "घड्याळ आहे."

कानिफने दाराला आणि चौकटीला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला. तिरका बसला, पण बसला. आळीतले सगळे बघायला जमले, जणू दाराचं बारसं आहे. भागूबाईने कुलूप हातात घेऊन त्याचं वजन केलं, घरी गेली, आणि एवढे दिवस पोटाशी धरून ठेवलेली चांदीची जोडवी घेऊन आली. तिच्या मागं आणखी दोघी आल्या. कुलूप आलंय म्हटल्यावर आता भीती कसली. अंधार पडेपर्यंत मनकर्णाच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की किल्ली बाहेर दाराशेजारच्या कोनाड्यात, दिव्यामागं ठेवायची. कुणाला मधेच आपली वस्तू लागली तर कुलपापायी अडायला नको.

"मंग कुलूप कशाला?" मनकर्णाने विचारलं.

"चोरासाटी," भागूबाई म्हणाली. "चोराला कुटं ठावं हाय किल्ली कुटं ती."

ही गोष्ट सगळ्या आळीसमोर ठरली होती, आणि आळीत गोरक्षही उभा होता. गावात एखादी कोंबडी हरवली की लोक आधी गोरक्षच्या घरी जात आणि मग कोंबडी शोधत. त्यानेही मान डोलावली.

शनिवारी सकाळी मनकर्णाने किल्ली फिरवली. कुलपाने सात वेळा दात खाल्ल्यासारखा आवाज केला. किल्ली दिव्यामागं ठेवली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि ती चालू लागली. आळीच्या तोंडाशी जाऊन तिने एकदा मागं वळून पाहिलं. ओटा रिकामा होता. तो तसा कधी दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. छोटाच होता तसा.

माळ चढताना तिचा ऊर भरून आला, दम लागून. वर्षभर बसून पायांना चालायची सवय राहिली नव्हती. वर पोचली तर समोर उकरलेली तांबडी जमीन, तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं, आणि धूळ. हातोड्यांचा आवाज इतका एकसारखा की थोड्या वेळाने तो ऐकूच येईना. बनू दगडांच्या ढिगापाशी बसली होती. तिने मान वर केली, बघितलं, आणि शेजारचा दगड बाजूला सारून जागा केली.

"सुटलीस व्हय," बनू म्हणाली.

"कुलूप लावून आले."

"कुनाला? दाजींना?"

"घराला."

"आगं बाई. मंग बस."

दोघी बसल्या. बोलायचं एवढं साचलं होतं की कुठून काढावं कळेना, म्हणून दोघी आधी दगड फोडत राहिल्या. बनू वाळली होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. तिने मनकर्णाच्या हाताकडे पाहून आपली एक चिंधी सोडून दिली. गुडघे खरंच वाजत होते, दोघींचेही. सुट्टी झाली की सावलीला बसून निवांत बोलू, असं बनू म्हणाली. आईच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं ते सांगायचंय, धाकट्याच्या लग्नाचं सांगायचंय, आणि एक असं आहे जे छबूच्या हाती निरोपात धाडण्यासारखं नाही.

"काय गं?"

"सुट्टी हुंदे. असं हातोडा मारता मारता सांगायचं न्हाई ते."

दुपारची शिट्टी झाली. सुकडीची पिपं उघडली, खंड्या रांगेत जाऊन बसला. दोघी बाभळीच्या जाळीदार सावलीत टेकल्या. बनूने फडकं सोडलं, एक घोट पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तर आक्का, झालं असं..."

आणि आसाराम आला.

तो गावाकडून येत होता, घामाने निथळत, खांद्यावर कुऱ्हाड, आणि दोन्ही हातांत पुढं धरलेलं काहीतरी, देवाला नैवेद्य नेतात तसं. तो नीट मनकर्णापाशी आला आणि ते तिच्या ओटीत ठेवलं. ओटी खाली गेली.

"वैनी, कुलूप."

मनकर्णा कुलपाकडे बघत राहिली.

"मुकादम म्हनला, झुडपं तोडायचीत, कुऱ्हाड आन," आसाराम सांगू लागला. "गेल्तो. किल्ली काडली, कुलूप उगडलं, कुऱ्हाड घेतली. किल्ली परत दिव्यामागं ठिवली, तुमी सांगितल्यापरमानं जागच्या जागी. मंग कुलूप दाबलं तर मिटंना. लई दाबलं. दगडानं दाबलं."

"त्याला किल्ली फिरवावी लागती आसाराम."

"आसं हाय व्हय." त्याने खरोखर विचार केला. "पन किल्ली तर ठिवून टाकली हुती."

"मंग?"

"मंग म्हनलं, उगडं कुलूप दाराला ठिवावं तर कोनी नेईल. भारी वस्तू. आनि भारी वस्तू आपन तुमच्यापाशीच ठिवतो. म्हनून आनलं."

यात चुकीचं काही नव्हतं. मनकर्णाने ते उलटून सुलटून पाहिलं. आळीतली कोणतीही मोलाची वस्तू तिच्याकडे ठेवायची असते, आणि कुलूप ही आळीतली सगळ्यात नवी आणि मोलाची वस्तू होती.

"आनि दार?" बनूने विचारलं.

"दार उगडंच हाय," आसाराम म्हणाला. "दार कोन नेतंय."

ही बातमी बाभळीच्या सावलीपासून पिपांच्या रांगेपर्यंत पोचायला काही वेळ लागला नाही. भागूबाई उठून उभी राहिली. जोडवी ठेवलेल्या बाया उभ्या राहिल्या. सगळ्यांनी आधी गोरक्षकडे पाहिलं. तो धोंड्याला टेकून सुकडी चाटत होता.

"माज्याकडं काय बघता," तो म्हणाला. "सकाळपून हितं हाय. गावात जाऊन परत यायचं म्हनलं तर पायात जीव लागतो. हंडा तर मला फुकट दिला तरी उचलवायचा न्हाई."

मग सगळ्यांनी मनकर्णाकडे पाहिलं. कुणी जा म्हणालं नाही. सहादेव लांबून बघत होता, तोही म्हणाला नाही. पण कुणी उठलंही नाही. सुट्टी संपत आली होती, हजेरी दुपारनंतर पुन्हा होती, आणि उन्हात कोस-दीड कोस चालत जाऊन एक दार लावून यायचं, हे कुणाला झेपणारं नव्हतं. भागूबाई खाली बसली.

मनकर्णाने बनूकडे पाहिलं. बनूचं तोंड अजून मघाच्या वाक्यावर अर्धवट उघडं होतं. तिने ते मिटलं.

"जा आक्का," ती म्हणाली. "तुजा ओटा वाट बघत आसंल."

"सांग की चटकन."

"चटकन सांगायचं न्हाई ते."

मनकर्णाने ओटीत कुलूप बांधलं आणि माळ उतरायला लागली. खंड्या थोडं अंतर तिच्याबरोबर आला, मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो परत फिरला.

आळीत कुणीही नव्हतं. चोरी करायची तर चोर लागतो, आणि चोरासकट सगळं गाव माळावर. घराचं दार उघडं होतं. आत घड्याळ चालत होतं, टाक आपापल्या जागी होते, जोडवी होती, कणगीला बोटाचा ओरखडाही नव्हता. भागूबाईच्या हंड्यात भागूबाईचीच कोंबडी शिरून अंड्यावर बसली होती. म्हणजे गेलं काही नव्हतंच, उलट एक वस्तू वाढली होती. मनकर्णाने दार ओढलं, कुलूप घातलं, दिव्यामागची किल्ली काढून फिरवली. परत माळ चढावा म्हणून तिने दोन पावलं टाकली. गुडघे वाजले. ऊन पांढरं झालं होतं. ती ओट्यावर बसली, पाठीशी बंद दार, घराबाहेर कुलूप लावून.

संध्याकाळी सहादेवने कुलूप तपासलं आणि निकाल दिला. "कुलूप चांगलं हाय. पन त्याच्यापाशी मानूस पाहिजे."

कानिफनेही मान डोलावली. एकमत झालं.

बनूची टोळी सोमवारी ट्रकमधून कालव्याकडे गेली. छबू आता संध्याकाळी नुसतं घमेलं घेऊन येते. बनू सांगणार होती ती गोष्ट काय होती, हे मनकर्णाला कळलं नाही. ओट्यावर बसून तिने त्या एकीच्या जागी पुष्कळ गोष्टी मनात रचून पाहिल्या. काही वाईट होत्या, एक बरी होती.

बुधवारी गिदोन मास्तर वेळ बघायला आले. गावाचे सगळे अर्ज तेच लिहीत.

"मास्तर, एक अर्ज लिवा," मनकर्णा म्हणाली.

"कोणाला?"

"जो कोनी वर आसंल त्याला."

"मिळणार नाही वहिनी."

"बिजागरी मिळाली का?"

मास्तर ओट्यावर बसले, मांडीवर पाटी घेतली, पाटीवर कागद ठेवला. ती सांगत गेली, त्यांनी ते सरकारी करून लिहिलं:

"मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार मनकर्णाबाई सहादेव, राहणार चिंचखळे, सविनय अर्ज करते की, अर्जदार आपले राहते घराचे ओट्यावर कायम नेमणुकीवर असून सदर जागी बदली माणूस उपलब्ध नाही. कुलूप नेमून पाहिले, परंतु तेही कामावर निघून जाते. सबब विनंती की, अर्जदाराची सख्खी बहीण बनुबाई हिची हजेरी आठवड्यातून एक दिवस कालव्याऐवजी सदर ओट्यावर धरण्यात यावी, व त्या दिवसाचे दगड सरकारी ट्रकने ओट्यापर्यंत पोच करण्यात यावेत. दोघी मिळून ते फोडून देऊ. दुपारची सुट्टी मात्र त्या दिवशी एक वाक्य पूर्ण होईपर्यंत वाढवून मिळावी. सदर कामाची पाहणी करण्यास साहेबांनी केव्हाही यावे, परंतु येताना कोणतीही किमती वस्तू आमचेकडे ठेवण्याकरिता सोबत आणू नये, ही विनंती."